फाळके जयंतीला आगकाड्या आणा: ट्रिक-सीनचा कार्यक्रम कसा उभा करायचा

दादासाहेब फाळक्यांच्या जयंतीचा साचा आपल्याकडे ठरलेला आहे. तसबिरीला हार, ‘चित्रपटमहर्षी’ने सुरू होणारं प्रास्ताविक, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, मग चहा. या सगळ्यात हा माणूस कॅमेऱ्याने नेमकं काय करायचा, ते कुणी दाखवतच नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याची चित्रं घेऊन पडद्यावर मिनिटभरात वेल उगवून दाखवला. आगकाड्यांना नाचवलं. कंसाचं शिर धडावरून उडवलं आणि परत जागेवर आणलं. आज ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स (पडद्यावरच्या दृश्य करामती) अशी दोन वेगळी खाती असतात. फाळक्यांनी ती दोन्ही सांभाळली, तीही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर आणि सूर्यप्रकाशात.

आमच्या वाचनालयात आम्ही ही बाजू धरून कार्यक्रम करतो. शाळा, वाचनालय, गणेश मंडळ, फिल्म सोसायटी, कुणालाही तो जमेल. फार पैसे लागत नाहीत, पण पत्रव्यवहार लागतो आणि थोडी चिकाटी. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने सांगतो.

१. आधी काय दाखवायचं ते ठरवा

त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, लोणावळ्याचा रविवर्मा प्रेस: एवढं चरित्र सांगेपर्यंत मुलं चुळबुळ करायला लागतात. चरित्र फलकावर टाका आणि मंचावर फक्त करामती ठेवा. त्यांच्या मागचं एकच सूत्र निवेदकाने सांगावं. फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आडनाव उलटं करून, जादूचे प्रयोग करायचे. त्यामुळे पुढे पडद्यावर देव प्रकट होऊन गायब झाले यात नवल नाही.

निवडीसाठी हे लक्षात घ्या:

- ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३): पहिलं आणि शेवटचं रीळ उपलब्ध आहे. शेवटी शंकर प्रकट होतात तो भाग दाखवा.
- ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८): काही भाग उरला आहे. कंसाच्या शिराचं दृश्य यातलंच. मुलं हेच परत लावायला सांगतात.
- ‘कालिया मर्दन’ (१९१९): बराचसा उपलब्ध आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.
- ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५ च्या सुमारास): पाहायला मिळत नाही. म्हणूनच ती आपण स्वतः करायची. बघा पायरी ६.

एकच पूर्ण दाखवणार असाल तर ‘कालिया मर्दन’ घ्या. त्याची सुरुवातच वेगळी आहे. गोष्ट सुरू होण्याआधी ही लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता तिच्या जागी मोरपीस लावलेला कृष्ण येतो. म्हणजे बापाने प्रेक्षकांना आधी सांगून टाकलं की ही माझी मुलगी, आता हिचा देव करतो, बघा! करामत उघडी करूनही पुढची गोष्ट खरी वाटते. मला तर डोहातल्या मारामारीपेक्षा हे जास्त आवडतं.

२. तारीख आणि जागा

तीन तारखा सोयीच्या आहेत: जयंती ३० एप्रिल, पुण्यतिथी १६ फेब्रुवारी, आणि ३ मे, म्हणजे १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो दिवस. फेब्रुवारीत दहावी-बारावीची धांदल असते. ३० एप्रिलला दुसऱ्या दिवशीच्या महाराष्ट्र दिनासाठी सभागृहं आधीच अडकलेली असतात. मला ३ मे बरा वाटतो. मुलांना सुट्टी असते, बरीचशी आजोळी आलेली असतात, आणि संध्याकाळी काय करायचं हा घरोघरी प्रश्नच असतो.

उघड्यावर करणार असाल तर पावणेआठच्या आत पडद्यावर काही दिसणार नाही, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. मधल्या दोन तासांत सगळं बसवावं लागतं. पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी लागतेच. सभागृह मिळत असेल तर ते घ्या, फक्त झडपांतून येणाऱ्या उजेडाचा बंदोबस्त करा. जाड काळं कापड किंवा सतरंज्या टांगल्या की भागतं.

३. चित्रपट मिळवणं

इथेच बहुतेक जण अडतात, किंवा अडायला नको म्हणून यूट्यूबवरून उतरवून मोकळे होतात. तसं करू नका. नेटवरच्या बऱ्याच प्रती भलत्या वेगाने धावतात, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का असतो आणि मागे कुणीतरी चढवलेलं भलतंच संगीत.

फाळक्यांचे उरलेले चित्रपट पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेलं आहे, त्यामुळे पत्रात पत्ता आणि खात्याचं नाव आजचं घाला. ही रिळं आज दिसतात ती मुख्यतः संग्रहालयाचे माजी संचालक पी. के. नायर यांच्यामुळे. त्यांनी फाळके कुटुंबीयांकडे चकरा मारून तुकडे मिळवले, आणि ‘कालिया मर्दन’ची विस्कटलेली दृश्यं फाळक्यांच्या वहीतल्या नोंदींवरून पुन्हा क्रमाने लावली. कार्यक्रमात त्यांचं नाव घ्यायला विसरू नका.

अर्जासोबत साधारण हे कागद तयार ठेवा:

- संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, अध्यक्ष किंवा मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का
- संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत (शाळा असेल तर मान्यतेची)
- कार्यक्रमाची तारीख, वेळ, ठिकाण आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या
- प्रवेश मोफत की तिकीट, हे स्पष्ट वाक्यात
- कोणता चित्रपट, कोणत्या स्वरूपात हवा (डिजिटल फाइल, डीव्हीडी वगैरे)
- जबाबदार व्यक्तीचं नाव, फोन, ओळखपत्राची प्रत
- सभागृहाच्या आरक्षणाची पावती

पत्र किमान दोन महिने आधी पाठवा आणि आठवड्याने फोन करा. शुल्क, अनामत आणि जाहीर प्रदर्शनाच्या अटी त्याच फोनवर विचारून घ्या आणि ईमेलवर लेखी मागून घ्या. तोंडी ‘हो’ वर पत्रिका छापायला टाकू नका.

हक्कांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९१९ चा चित्रपट केव्हाच मुक्त झाला, हे बरोबर. पण नव्याने जोडलेलं संगीत, निवेदन किंवा उपशीर्षकं मुक्त नसतात. आणि संग्रहालयाने प्रत देताना घातलेल्या अटी हा तर सरळ करारच असतो. ‘जुनं आहे, काय होतंय’ म्हणून फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की पुढच्या वर्षी प्रत मिळायची नाही.

तुमच्या भागात फिल्म सोसायटी असेल तर तिला सहआयोजक करा. त्यांचा या पत्रव्यवहाराचा हात बसलेला असतो.

४. पडदा, प्रोजेक्टर आणि वेग

प्रोजेक्टर शाळेचा चालतो. पडदा नसेल तर इस्त्री केलेली पांढरी चादर, चारही बाजूंनी ताणून. फाइल आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा.

लक्ष द्यायचं ते वेगाकडे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सेकंदाला १६ चित्रं. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. तेच रीळ आजच्या २४ च्या वेगाने लावलं की माणसं तुरुतुरु पळायला लागतात आणि सगळं सभागृह हसतं. लोकांना वाटतं, जुनी माणसं तशीच चालायची! १००० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने साडेसोळा मिनिटांच्या वर चालतं, २४ ने अकरा मिनिटांत संपतं. तुमची फाइल घाईत दिसत असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.७ च्या आसपास आणून बघा. चालणारा माणूस नैसर्गिक चालला की थांबा. प्रत आधीच दुरुस्त केलेली असेल तर हात लावू नका.

५. वाजवायला कोण, वाचायला कोण

मूकपट मुक्याने बघायचा नसतो. त्या काळीही पडद्याशेजारी वादक बसत. गावातला तबलजी आणि पेटीवाला पुरे, पण त्यांनी चित्रपट आधी एकदा तरी बघितलेला हवा. एका कागदावर मिनिटं आणि प्रसंग लिहून द्या: ‘डोहात उडी’, ‘नागाशी झुंज’, ‘फण्यावर नाच’. ऐनवेळी बघून वाजवू म्हणणारे वादक झुंजीत भैरवी आळवत बसतात.

रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका. भजन परंपरेतलं असलं तरी ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीचे असतात आणि त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. समोर बसून वाजवलेल्या पारंपरिक चालींना तो त्रास नाही.

मधल्या पाट्या हिंदी-इंग्रजीत असतात आणि प्रतीप्रमाणे बदलतात. मोठ्याने, मराठीत, ठसक्यात वाचणारी एक व्यक्ती माइकवर बसवा. कीर्तन करणारं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

६. आगकाड्यांची कार्यशाळा

कार्यक्रमाचा जीव इथे आहे. चित्रपट आधी दाखवून मग कार्यशाळा, असा क्रम लोक लावतात. तो उलटा करा. दोनशे वेळा काडी सरकवून पाठ आखडलेली मुलं संध्याकाळी ‘कालिया मर्दन’ बघायला बसतात तेव्हा वेगळ्याच डोळ्यांनी बघतात. ‘इथे कॅमेरा थांबवला!’ असं अंधारातून ओरडतात. भाषणाने हे होत नाही.

सामान, पाच मुलांच्या एका गटासाठी:

- एक स्मार्टफोन, त्यात स्टॉप-मोशनचं (एकेक फोटो जोडून हालचाल दाखवणारं) कोणतंही मोफत ॲप
- फोन वरून खाली बघेल असा स्टँड. नसेल तर दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती, वर लाकडी पट्टी आणि तिच्यावर फोन
- गडद रंगाचा कार्डशीट कागद
- गुल नसलेल्या काड्या, शंभरेक (हस्तकलेच्या दुकानात मिळतात; नाहीतर मोठ्यांनी आधी गुल तोडून ठेवावेत, मुलांच्या हातात भरलेली पेटी देऊ नये)
- एक टेबल लॅम्प, चिकटपट्टी, चिमटा

कृती:

अ) कागद टेबलाला आणि फोन स्टँडला चिकटपट्टीने पक्का करा. यानंतर टेबलाला कुणाचा ढोपराचा धक्का लागला की पूर्ण चित्र उडी मारतं.

आ) पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये हे जिवावर येतं, पण काड्या उडतात. खिडकीही लावा, कारण ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं. फक्त टेबल लॅम्पवर काम करा.

इ) फोनमध्ये फोकस आणि प्रकाश लॉक करा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये होतं. हे केलं नाही तर प्रत्येक फोटोला फोन आपली अक्कल चालवतो. फोन फ्लाइट मोडवर टाका. शंभराव्या चित्राला मावशींचा फोन आला की ॲप बंद पडतं.

ई) गोष्ट छोटी ठेवा. काड्यांचा माणूस येतो, नमस्कार करतो, मोडून त्याची होडी होते. बस्स. महाभारत नको.

उ) सेकंदाला १२ चित्रं धरा. वीस सेकंदांना २४० फोटो लागतात. दर फोटोला काडी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त सरकवू नका. हालचाल सुरू होताना आणि थांबताना त्याहूनही कमी, नाहीतर काडी हिसका बसल्यासारखी दिसते.

ऊ) कामं वाटा: एक काड्या सरकवणारा, एक बटण दाबणारा, एक मोठ्याने आकडा मोजणारा, एक फक्त ‘हात बाहेर!’ ओरडणारा. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. पाचवा दमलेल्याच्या जागी येतो.

पांढरा शर्ट घातलेलं मूल टेबलावर वाकलं की त्याचा उजेड कागदावर पडतो, तेव्हा मुलांना गडद कपडे घालून यायला सांगा. एका गटाला दोन-अडीच तास लागतात. मध्ये कोकम सरबत द्या, पण ते टेबलापासून लांब.

शेवटी मुलांना हिशेब घाला. आपण सेकंदाला १२ धरले, फाळक्यांना १६ लागत. एका मिनिटाला ९६० चित्रं, आणि चुकलं की नाही हे रीळ रसायनात धुऊन होईपर्यंत कळायचं नाही. आपल्यासारखं मागे जाऊन पुसता येत नव्हतं. फिल्मही विलायतेहून येणारी, महाग, आणि वर महायुद्ध सुरू.

७. वाटाण्याऐवजी मूग

‘अंकुराची वाढ’ ही फाळक्यांची पहिली फिल्म, लंडनहून कॅमेरा आणल्यावर १९१२ मध्ये केलेली. ती दाखवूनच त्यांनी भांडवल उभं केलं. वाटाण्याला महिना लागतो, भिजवलेल्या मुगाला दोन दिवस. ओल्या कापसावर मूग ठेवा, फोन टाइम-लॅप्सवर, दर पाच मिनिटांना एक फोटो. दिवसाला २८८ फोटो होतात, म्हणजे १२ च्या वेगाने २४ सेकंद. दिवा रात्रंदिवस चालू, फोन चार्जरला, आणि वीज जाते अशा गावात दिव्याला इन्व्हर्टरचा आधार. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सुरू करा.

८. माणूस गायब

हा मंचावरचा प्रयोग, पाच मिनिटांचा. फोन पक्का ठेवून चित्रण सुरू करा. ऋषींच्या वेशातला मुलगा हात वर करतो, सगळे पुतळ्यासारखे थिजतात, चित्रण थांबतं. समोरचा ‘राक्षस’ हळूच बाजूला होतो, चित्रण पुन्हा सुरू. दोन तुकडे जोडून लगेच पडद्यावर लावा. राक्षस गायब!

फसतं ते इतरांमुळे. कुणीतरी मान वळवतं, पडदा हलतो, आणि सगळ्यांना सांधा दिसतो. म्हणून मंचावर तिघांहून जास्त जण नकोत. भूत पारदर्शक दिसावं असं वाटत असेल तर काळ्या कापडापुढे त्याचं वेगळं चित्रण करून एडिटिंग ॲपमध्ये एकावर एक ठेवा. त्या काळी हे कॅमेऱ्यातच होई: फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चित्र घ्यायचं.

९. फलकांवर काय लिहायचं, काय टाळायचं

‘भारताचा पहिला चित्रपट’ असं ठळक लिहिलं की प्रेक्षकांतले एक गृहस्थ उठून दादासाहेब तोरण्यांच्या ‘पुंडलिक’चं नाव घेणार, आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नसतं. ‘पुंडलिक’ १९१२ च्या मे महिन्यात लागला होता. ते नाटकाचं चित्रण होतं आणि त्यावरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो. दोन्ही गोष्टी फलकावर लिहा, वाद तिथेच मिटतो.

‘१९१३ ची मूळ प्रत’ असंही लिहू नका. आज दिसणारी ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं मूळची की फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ‘उपलब्ध रिळं’ हा शब्द सुरक्षित.

सरस्वतीबाईंचा फलक वेगळा आणि मोठा हवा. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रीळ धुणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं ही कामं त्यांनी केली, आणि शिवाय युनिटचा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. ‘पत्नीची मोलाची साथ’ या तीन शब्दांत हे बसवणारे फलक मी पाहिलेत. त्या युनिटमधल्या तंत्रज्ञ होत्या, तसं लिहा.

परदेशातल्या मंडळांना, खास करून लंडनकरांना, आणखी एक धागा आहे. फाळके १९१२ साली तिथे गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले आणि त्यांच्या ओळखीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघितलं. कॅमेरा घेतला तो विल्यमसन कंपनीचा. तुमच्या फलकांची सुरुवात तिथूनच करता येईल.

१०. दिवसाचा क्रम आणि नंतरची कामं

सकाळी नऊला कार्यशाळा, जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या फिती एकत्र जोडणं, संध्याकाळी सहाला फलक बघणं, साडेसहाला मंचावरचा गायब-प्रयोग, मग मुगाची आणि आगकाड्यांची फिल्म, आणि शेवटी ‘कालिया मर्दन’. भाषण एकच, दहा मिनिटांचं. प्रमुख पाहुण्यांना हे निमंत्रणातच लिहून कळवा. मंचावर चिठ्ठी पाठवणं वाईट दिसतं. सत्कार करायचाच असेल तर आधी वादकांचा आणि पाट्या वाचणाऱ्यांचा करा.

मुलांच्या फिल्मला शेवटी नामावली जोडा आणि त्यात ‘हात बाहेर’वाल्याचंही नाव घाला. त्याचे आईवडील ते बघायलाच आलेले असतात.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची प्रत अटींप्रमाणे परत करा किंवा पुसून टाका, तसं ईमेलने कळवा, आणि सोबत दोन फोटो व प्रेक्षकसंख्येचा पानभर अहवाल जोडा. मुलांचे चेहरे असलेले फोटो कुठेही टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. तो कागद कार्यशाळेच्या नावनोंदणीच्या वेळीच भरून घेतला तर नंतर पळापळ होत नाही.